सहप्रवासी की शेजारी?

निपाणीहून बेळगावला जाणारी बस स्थानकावर लागली की पहिली पाच मिनिटे धक्काबुक्कीची असतात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते, पिशवी कोणाच्या पायाशी ठेवली यावरून बोलाचाली होते. पण गाडी गावाबाहेर पडून तवंदी घाट चढू लागली की आतले वातावरण पालटते. मघाशी भांडलेली आजी दुसऱ्याचे पोर मांडीवर घेते. कानडी बोलणारी बाई सरकून घेत "बर्री, कूड्री" म्हणते, आणि जिला कानडीचा गंध नाही ती मराठी बाईही अर्थ नेमका ओळखून बसते. कोणी शेंगा पुढे करतो, कोणी पाण्याची बाटली. संकेश्वर येईपर्यंत मुलीचे स्थळ, मुलाची नोकरी, सुनेचे दुखणे, सारे एकमेकांना सांगून झालेले असते. सुमारे पाऊणशे किलोमीटरांच्या या वाटेवर माणसे जे बोलतात ते पुष्कळदा सख्ख्या भावाशीही बोललेली नसतात. मग बेळगाव येते. "या कधी घरी", "तुम्हीही या", असे म्हणत लोक उतरतात. कोणी कोणाचा पत्ता विचारलेला नसतो.

हा अनुभव वाचकांपैकी प्रत्येकास असेल. आम्हांसही तो अनेकदा आला आहे आणि प्रत्येक वेळी मन प्रसन्न झाले आहे. परंतु अलीकडे एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. त्या दोन तासांत आपल्या मनात जे उमलते ते प्रभू येशूने शिकविलेले शेजारप्रेम आहे काय? की ते प्रेमासारखे दिसणारे दुसरेच काही आहे? शब्बाथशाळेत आपण मुलांना "शेजाऱ्यावर प्रीती करा" असे शिकवितो. तेव्हा वाटेवर भेटलेला माणूस शेजारी केव्हा होतो, याचा विचार शिकविणाऱ्यांनी आधी केलेला बरा.

वाटेवरची ही मैत्री काही आपल्याच मुलखातील नवलाई नव्हे. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, घरासारखी सजविलेली मोटारगाडी घेऊन महिनोन् महिने हिंडणारे लोक पुष्कळ आहेत. गाडीतच बिछाना, गाडीतच चूल. तेथील अनेक गावांच्या नगरपालिकांनी अशा गाड्या रात्री उभ्या करण्यासाठी, पाणी भरून घेण्यासाठी आणि सांडपाणी टाकण्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत. समोरून तशीच दुसरी गाडी आली की ओळख नसतानाही हात वर करून नमस्कार करण्याची त्यांच्यात रीत आहे. संध्याकाळी एका ठिकाणी मुक्काम पडला की खुर्च्या बाहेर येतात, निरनिराळ्या देशांची माणसे गप्पांना बसतात, पुढचा रस्ता कसा आहे हे एकमेकांना सांगतात. सकाळी जो तो आपापल्या दिशेने निघून जातो.

हे ऐकून आम्हांस आपल्याकडील सौंदत्तीची वाट आठवते. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर, कागल, निपाणी या बाजूने यल्लम्माच्या डोंगराकडे बैलगाड्यांच्या रांगा जात. आता एसटी, ट्रॅक्टर आणि जीपगाड्या अधिक झाल्या, तरी गाड्या अगदीच नाहीशा झालेल्या नाहीत. वर छप्पर, आत गवत अंथरून त्यावर पोरेबाळे, मागे कडब्याच्या पेंढ्या. मुक्कामाला तीन दगडांची चूल. त्यांच्या श्रद्धेहून आपली श्रद्धा वेगळी आहे, हे खरे. पण एका गाडीचे मीठ संपले तर दुसरी गाडी ते देते, एकाचा बैल लंगडला तर दुसरा आपला जोडतो, हे पाहून कोणीही ख्रिस्ती माणूस मान खाली घालील. फ्रान्समधील गाडी आणि सौंदत्तीची गाडी यांत पैशाचे अंतर मोठे असेल, पण मुक्कामावरील माणूस तोच आहे.

मग वाटेवर माणूस इतका मोकळा का होतो? विचार करता तीन कारणे दिसतात. पहिले असे की वाटेवर सगळेच सारखे गरजू असतात. घराचा उंबरा सुटला की मोठेपणाही थोडा सुटतो. पाणी सर्वांनाच लागते, रस्ता सर्वांनाच विचारावा लागतो. दुसरे असे की वाटेवर मागील हिशेब नसतो. बांधाची कुरबूर नाही, मंडळीच्या निवडणुकीतील रुसवा नाही, उसने घेतलेले पैसे नाहीत. ही दोन्ही कारणे चांगली आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ११) विश्वासी लोकांना पृथ्वीवरचे परके आणि प्रवासी म्हटले आहे, तेही आपण हलके होऊन चालावे म्हणूनच.

तिसरे कारण मात्र आम्हांस खटकते. वाटेवरची मैत्री संपणार आहे हे दोघांनाही ठाऊक असते. दोन तासांनंतर काहीही देणे राहणार नाही, या खात्रीवरच आपण इतके उदार होतो. शेंगा देताना उद्या हा माणूस दारात येऊन पाच हजार रुपये मागणार नाही, हे आपल्याला पक्के माहीत असते. ज्या प्रेमाचा शेवट आधीच ठरला आहे ते करणे सोपे असते.

आपल्या सीमाभागात तर याची परीक्षा वारंवार होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचा वाद २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्यात न्याय कोणाच्या बाजूस आहे, हा या लेखाचा विषय नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये मने तापली आणि दोन राज्यांमधील बसगाड्या काही दिवस अडल्या. त्या दिवसांत आम्ही आपल्याच ओळखीच्या लोकांची बोलणी ऐकली. "ती माणसे अशीच", असे एका बाजूचे म्हणत होते आणि दुसऱ्या बाजूचेही तेच म्हणत होते. त्यांतील कित्येकांनी आदल्याच महिन्यात त्याच बसमध्ये "त्या माणसां"च्या शेंगा खाल्ल्या असतील! मग ती सोयरीक त्या वेळी उभी का राहिली नाही? पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवरचे बी लवकर उगवते, पण ऊन चढल्यावर मूळ नाही म्हणून करपते. वाटेवरच्या आपल्या मैत्रीलाही मूळ नव्हते.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. आमच्याच हातून जे घडले ते सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात शब्बाथशाळेचे आम्ही सात शिक्षक-शिक्षिका भाड्याच्या जीपने बेळगावला एका मेळाव्यास निघालो होतो. घाट उतरून संकेश्वरच्या अलीकडे गाडीचा पट्टा तुटला. चालक मेकॅनिकला आणण्यासाठी दुसऱ्या गाडीने संकेश्वरला गेला. रस्त्याच्या कडेला ऊस तोडून मोकळे झालेले रान होते आणि तेथे ऊसतोड मजुरांच्या सात-आठ कोप्या उभ्या होत्या. माणसे बीडकडची होती. या लोकांचे जिणे आपल्या भागात सर्वांनी पाहिले आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ते घर सोडतात, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत फडामागून फड असा त्यांचा संसार हलत राहतो. मुले बरोबर असतात, म्हणजे शाळा सुटलेली असते.

बहुतेक माणसे फडात गेली होती. एक बाई तेवढी मागे होती, कारण तिच्या मुलाला बरे नव्हते. तिने न विचारताच घागरीतले पाणी दिले. चुलीवर गुळाचा कोरा चहा केला. कप दोनच होते, म्हणून आम्ही पाळीपाळीने प्यायलो. मुलगा सात वर्षांचा असेल. त्याचा कान फुटला होता, पू वाहत होता आणि बाईने त्यात तेल सोडले होते. आमच्यातील एक शिक्षिका पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी कान स्वच्छ फडक्याने पुसून दिला, तेल घालू नका म्हणून सांगितले आणि म्हणाल्या, "संध्याकाळी आम्ही याच वाटेने परत येणार आहोत. येताना औषध घेऊन येतो." आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. बाई म्हणाली, "या की. आम्ही इथंच हाव, कुठं जातो?"

बेळगावला पोहोचल्यावर आम्ही मेळाव्यात हा प्रसंग सांगितला. त्या कुटुंबासाठी प्रार्थनाही झाली. मेळाव्यास आलेल्या एका डॉक्टर बंधूंना विचारून कानात घालण्याचे थेंब घेतले. येथवर सर्व ठीक झाले.

परत निघण्यास उशीर झाला. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. गाडीत दोघेजण झोपले होते, एका भगिनीच्या घरी लहान मूल वाट पाहत होते. ते रान आले तेव्हा काळोखात एक चूल पेटलेली दिसली. चालकाने गाडी हळू केली आणि विचारले, "थांबायचं का?" क्षणभर कोणीच बोलले नाही. मग आम्हीच म्हणालो, "आता झोपले असतील. उद्या कोणाबरोबर तरी पाठवू." चूल पेटलेली होती, म्हणजे कोणी झोपले नव्हते, हे आम्हांस दिसत होते.

दुसऱ्या दिवशी कोणी जाणारे मिळाले नाही. आठवड्याने आमच्यातील एक बंधू मोटारसायकलवरून गेले. रान मोकळे होते. चुलीचे दगड आणि उसाचे वाढे तेवढे पडले होते. टोळी पुढच्या फडावर गेली होती, आणि तो फड कोणता हे सांगणारे कोणी नव्हते. मुकादमाचे नाव आम्ही विचारले नव्हते. बाईचेही नाव विचारले नव्हते. औषधाची ती बाटली मुदत संपेपर्यंत आमच्या कपाटात होती.

या प्रसंगानंतर आम्ही लूकच्या दहाव्या अध्यायातील दाखला निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी वाट म्हणजे एक घाटच आहे. सुमारे २५ किलोमीटरांत ती हजार मीटर खाली उतरते. त्या वाटेवर तिघांनी जखमी माणसाला पाहिले. याजक आणि लेवी निघून गेले, शोमरोनी थांबला. आपण मुलांना शिकविताना येथेच थांबतो. त्याने तेल व द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. पण दाखला तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकास दोन दीनार दिले. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून आपल्याला ठाऊक आहे. शिवाय अधिक खर्च झाला तर परत येताना तो भरून देईन, असे त्याने सांगितले. शोमरोनी आपल्या कामासाठी पुढे गेला. प्रवास सोडून तो तेथेच राहिला नाही. पण त्या माणसाचे आपल्याकडे काही देणे आहे असे मानून तो गेला. उतारशाळेच्या मालकानेही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. एका शोमरोन्याचा शब्द यहूदी मुलखात चालला, यावरून त्या शब्दाचे वजन किती होते ते दिसते.

सहप्रवासी आणि शेजारी यांतील भेद आम्हांस येथे सापडतो. सहप्रवाशाशी आपला संबंध वाट संपली की संपतो. शेजाऱ्याशी संबंध असलेला मनुष्य परत येतो. आम्हीही त्या दिवशी थांबलो होतो, कान पुसला होता, प्रार्थना केली होती, पदरचे पैसे घालून औषध घेतले होते. शोमरोन्याने केलेले बहुतेक सर्व आम्ही केले. केले नाही ते एवढेच.

यावर कोणी म्हणेल की, "जीवनात शेकडो माणसे भेटतात. प्रत्येकाकडे परत कसे जावे?" हा आक्षेप योग्य आहे, आणि पवित्र शास्त्रातच त्याला आधार आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प वाळवंटातील वाटेवर कूश देशाच्या अधिकाऱ्याच्या रथात चढून बसतो. यशयाचा ग्रंथ त्याला समजावून देतो, त्याचा बाप्तिस्मा करतो, आणि मग त्या दोघांची पुन्हा भेट झाल्याचे काही सांगितलेले नाही. तरी तो अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने गेला. म्हणजे काही भेटी एकदाच होण्यासाठी असतात, आणि त्या अपुऱ्या नसतात. बसमधील शेंगाही वाया जात नाहीत. फिलिप्पाने त्याला जे द्यायचे होते ते रथ थांबला तेव्हा पुरते दिले, उद्यावर काही ठेवले नाही आणि परत येण्याचे वचनही दिले नाही.

म्हणून आम्हांस वाटते की, प्रश्न प्रत्येकाकडे परत जाण्याचा नाही. जेथे आपण "येतो" म्हणालो आणि जेथे आपल्या वाचून कोणाचे अडले आहे, तेथे परत जाण्याचा आहे. "या कधी घरी" हे आपल्याकडे निरोपाचे वाक्य होऊन बसले आहे. बोलणाराही ते खरे मानीत नाही आणि ऐकणाराही. सुशिक्षित लोकांत ते सहज चालून जाते. पण कान फुटलेल्या मुलाची आई ते खरे मानते. दुबळ्या माणसाला आपल्या सभ्यतेच्या वाक्यांतून खरे कोणते आणि खोटे कोणते हे निवडण्याची सोय नसते.

येथे बेळगावच्याच एका सुपुत्राची आठवण होते. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, तेथील मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८५७ साली त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी त्यांना विधवा स्त्रिया भेटतात आणि त्यांची दुःखे ही दोघे ऐकतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. वाटेत ऐकलेली परक्यांची कहाणी तिच्या घरात येऊन उभी राहते. बाबांनी हे पुस्तक विधवांच्या स्थितीविषयी समाजाला जागे करण्यासाठी लिहिले. पण त्याची ही रचना पाहता आम्हांस असेही वाटते की, वाटेवर ऐकलेले दुःख वाटेवर टाकून पुढे जाता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आज ऐकणारा उद्या सांगणारा होतो. तेव्हा आपण कोणाची वाट पाहू? जो म्हणाला होता की परत येतो, त्याचीच.

शेवटी, आपला सारा विश्वास एका अशाच शब्दावर उभा आहे. प्रभू येशूने शिष्यांचा निरोप घेताना आपण परत येऊ असे सांगितले (योहान, अध्याय १४). दोन हजार वर्षे मंडळी त्या शब्दाला धरून आहे. प्रभुभोजनाच्या मेजापाशी आपण तो येईपर्यंत त्याचे मरण गाजवितो. आमच्या चालकाप्रमाणे कोणी त्याला "थांबायचं का?" असे विचारले असते, आणि प्रभूने "आता झोपले असतील" असे म्हटले असते, तर आपली आशा कोठे राहिली असती? ज्यांचे जगणे दुसऱ्याच्या परत येण्याच्या वचनावर चालले आहे त्यांनी तोच शब्द हलक्या तोंडाने बोलावा, हे शोभत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आम्ही नम्रपणे एक सुचवू. दयाळू शोमरोन्याचा पाठ घ्याल तेव्हा चित्र जखमा बांधण्यापाशी संपवू नका. उतारशाळेच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी उभा असलेला शोमरोनी मुलांना दाखवा. आणि मुलांना विचारा, "तुम्ही कोणाला 'येतो' म्हणालात आणि गेला नाहीत?" कोणी आजारी मित्राचे नाव सांगेल, कोणी आजीचे. कोणी पलीकडच्या गल्लीतील कानडी बोलणाऱ्या मित्राचे सांगेल, ज्याच्याकडे मोठ्यांच्या भांडणामुळे जाणे बंद झाले. तो रविवार नुसता पाठाचा न राहता भेटीचा होऊ द्या.

त्या बाईची आणि तिच्या मुलाची गाठ आम्हांस पुन्हा पडली नाही. त्याचा कान बरा झाला की नाही, हे आम्हांस या जन्मी कळेल असे वाटत नाही. पण पुढील हंगामापासून आमच्या मंडळीतील काहीजण आसपासच्या कोप्यांवर जाऊ लागले. काम मोठे नाही. मुलांना घेऊन बसायचे, अक्षरे गिरवून घ्यायची, गोष्ट सांगायची, कोणी आजारी असेल तर दवाखान्यात न्यायचे. गेलो की प्रथम नावे विचारून वहीत लिहून घेतो. गाव, मुकादम आणि पुढचा फड कोणता, हेही लिहितो.

गेल्या हंगामात निघताना एका मुलाने जीपची कडी धरून विचारले, "पुढल्या ऐतवारी येणार का?" आमच्या तोंडी "हो" आलेच होते. पण पुढल्या रविवारी मंडळीची वार्षिक सभा होती. तेव्हा त्याला सांगितले, "पुढल्या नाही, त्याच्या पुढल्या." त्याने दोन बोटे मोजून पाहिली आणि कडी सोडली. त्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा तो रस्त्यावर येऊन उभा होता.